शंख, पान, विंचू

त्या राज्यात उतारावरच्या घरांना दारं नव्हती.

दर वर्षी पानगळ झाली की तिथं तापाचा वारा सुटे आणि चार महिने वाहत राही. अंगानं धड असलेल्यांना तो सोसवे. पण जी पोटुशी असतील, नुकती आजारातून उठलेली असतील, जन्मापासूनच किडकिडीत असतील, त्यांना त्या वाऱ्याची नुसती झुळूक लागली तरी आठवडा निघत नसे. म्हणून अशा सगळ्यांना हंगामापुरतं मातीच्या घरात लिंपून ठेवायची रीत पडली होती. लिंपायचं काम कुंभारमाश्यांचं. त्यांच्या मातीतून हवा झिरपे, ताप झिरपत नसे. घर आतून फोडता येत नसे, आणि बाहेरून एकदा फुटलं की हंगाम सरेपर्यंत त्याची माती पुन्हा सांधत नसे.

सगळी घरं दिसायला एकसारखी. कोणत्या घरात कोण आहे हे कुठंही लिहिलेलं नसे, आणि कुंभारमाशीला विचारून उपयोग नसे, कारण सकाळी लिंपलेलं घर तिला दुपारी आठवत नाही. लक्षात ठेवायची गरजच काय, असं तिथले लोक म्हणत. घराला घंटा होती ना.

घंटा म्हणजे खरं तर दोन घंटा. एक घराच्या आत, दुसरी खाली चौकातल्या लांबलचक तुळईला, आणि दोघींना जोडणारा दोर जमिनीखालून गेलेला, कोणत्या घरातून आला ते चौकातून न कळणारा. एकीत बोललेलं दुसरीत ऐकू येई. मुंग्या त्या दोराच्या मागानं धान्य नेत. हंगाम संपला की कुंभारमाश्या त्याच दोराच्या मागानं जाऊन घर उघडत. मात्र जोडीतलं एक टोक कापलं की दुसरंही राहत नसे. आतली घंटा जागच्या जागी भुगा होऊन पडे, आणि दोर जमिनीतल्या जमिनीत विरून जाई.

आतल्या घंटेला सगळेच ‘बाहेर’ म्हणत. हजार घरांत हजार ‘बाहेर’ असले तरी कोणाची कोणाला अडचण नव्हती, कारण एका घराला दुसरं घर दिसतच नव्हतं. अडचण होती ती तुळईवर. तिथं साऱ्या घंटा शेजारी शेजारी टांगलेल्या, तेव्हा प्रत्येकीला आपलं असं नाव हवं. त्यासाठी चोवीस छापांची एक थैली असे. शंख, पान, विंचू, नांगर, मासा, असे लाकडात कोरलेले छाप. न बघता हात घालायचा, तीन छाप काढायचे, ओल्या मातीच्या पाटीवर उमटवायचे, की झालं घंटेचं नाव. तुळईचा एक गुण होता. सारख्या नावाच्या दोन पाट्या ती अंगावर घेत नसे. दुसरी टांगायला गेलं की ती घंटेसकट खाली पडे आणि फुटे.

येसबा या तुळईवर वीस हंगाम नावं पाडत आला होता. येसबा जातीनं खवल्या मांजर, वयानं उतरलेला, स्वभावानं भिडस्त. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, पोर ना बाळ. जे काही होतं ते हे काम. त्याच्या तरुणपणी उतारावर चाळीस घरं असत, आणि नाव एकच जण पाडी. थैलीत हात घाला, जे येईल ते उमटवा, घोटाळा होण्याची बातच नव्हती. आता घरं बाराशेवर गेली होती. नावं पाडणारे पाच जण झाले होते, पाचांच्या पाच थैल्या, आणि छाप मात्र तेच चोवीस.

पाटी पडून घंटा फुटू नये म्हणून रीत अशी होती. सकाळी छाप काढायचे, आणि ते नाव तुळईवर आधीच आहे का हे या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाऊन बघायचं. याला फेरी म्हणत. नाव नसलं तर भट्टीवर जाऊन पाटी भाजायची, घंटा ओवायची, दोर बांधायचा, आणि दुपार कलल्यावर टांगायची. एवढं करूनही पाटी पडलीच, तर काय करायचं तेही कारभाऱ्यांनी सांगून ठेवलं होतं. कारभारी म्हणजे एक बगळा. तो कायम घाईत असे आणि तरीही हलत नसे. त्याचं म्हणणं असं, की गेल्या हंगामांत उघडलेल्या कितीतरी घरांच्या घंटा कोणी काढतच नाही, त्या तशाच लोंबत राहतात. पाटी पडली म्हणजे फेरीत अशी एखादी मेलेली घंटा नजरेतून सुटली. शोधा, कापा आणि आपली लावा. आता हे अगदीच खोटं नव्हतं. बहुतेक वेळा ती घंटा मेलेलीच निघे.

येसबाला आपल्या फेरीचा अभिमान होता. इतर चौघे लांबूनच नजर टाकत, हा प्रत्येक पाटीवर नाक लावून जाई. त्याला कारणही होतं, आणि ते तो कोणाला सांगत नसे. दोन वर्षांपासून त्याच्या उजव्या डोळ्यावर साऱ्याचा धुरकट पडदा येत चालला होता. मागच्याच हंगामात एका म्हाताऱ्या कासवाला अंधूक दिसतं म्हणून बगळ्यानं तुळईवरून काढून चिखल तुडवायला पाठवलं होतं. ते कासव पुढं कोणाशी बोलेनासं झालं. येसबा त्या वाटेनं जायचं टाळी.

त्या दिवशी सकाळी त्याच्या हाताला शंख, पान आणि विंचू लागले. त्यानं फेरी मारली. नाव कुठंच नव्हतं. एरवीपेक्षा सावकाश चालला होता तो, चुकला नव्हता. मग भट्टीवर गेला, पाटी भाजली आणि दुपारी येऊन टांगली. पाटी पडली.

झालं होतं ते असं. तुळईच्या दुसऱ्या टोकाला लखू साळिंदर काम करी. त्याच्याही हाताला सकाळी शंख, पान आणि विंचूच आले होते. त्यानंही फेरी मारली होती, आणि त्यालाही नाव दिसलं नव्हतं, कारण तोवर दोघांपैकी कोणीच ते टांगलेलं नव्हतं. लखूची भट्टी जवळ. तो मध्यान्हीलाच आपली पाटी टांगून जेवायला गेला. चूक दोघांच्याही डोळ्यांची नव्हती. दगा दिला तो बघणं आणि टांगणं यांच्यामधल्या वेळानं. पण हे येसबाला तेव्हा कसं कळावं? पाटीचे तुकडे पायाशी बघून त्याच्या मनात एकच गोष्ट आली, की सकाळी आपल्याला दिसलं नाही. डोळा गेला आपला.

त्यानं आधी आजूबाजूला पाहिलं. कोणी बघत नव्हतं. तुकडे त्यानं पायानं मातीत दाबले आणि तुळईखालून झपाझप चालत निघाला. बरंच पुढं गेल्यावर शंख, पान, विंचू अशी पाटी सापडली. त्यानं ती पंजात धरली. पाटी कोमट होती. उन्हानं तापली असेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. तिथं सावली होती, आणि तेही त्याला दिसत होतं. तरी त्यानं नखानं दोर कापला.

दोर तुटता तुटता घंटा बोलली.

“आये, पोचले गं मी. जागा बरी आहे. कोपऱ्यात थोडी ओल आहे, पण–”

आणि घंटेचा त्याच्या पंजात भुगा झाला.

मग त्यानं जे केलं त्याची त्याला पुढं फार लाज वाटली. तो भट्टीवर गेला, नवी पाटी भाजली, तेच तीन छाप उमटवले, नवी घंटा ओवून आपल्या दोराला बांधली आणि टांगली. या वेळी ती राहिली. जरा वेळानं तिच्यातून एक बारीक आवाज आला, “कोणी आहे का?” येसबा उत्तर न देता घरी गेला.

आठ दिवसांनी बाजार भरला. बाजाराच्या दिवशी चौकात गर्दी असे, जो तो आपापल्या माणसाची घंटा शोधून बोलत असे. येसबा मुद्दाम तुळईच्या लांबच्या टोकाला जाऊन उभा राहिला. पण जे टळायचं नसतं ते बरोबर तिथंच येतं. एक म्हातारी खार त्याच्यापुढं येऊन थांबली. अंगावरचे पट्टे फिके पडलेले, पाठीवर शेंगांचं गाठोडं, हातात नावाचे तीन छाप उमटवलेली मातीची टिकली.

“दादा, एवढं बघता का? पोरीला लिंपून आठ दिवस झाले, मधे यायला जमलं नाही. पहिलटकरीण आहे हो. शंख, पान आणि विंचू. या गर्दीत मला काही सापडायची नाही.”

येसबानं तिला घंटा दाखवली. स्वतः हात धरून नेलं आणि दाखवली.

म्हातारीचं नाव राहीबाई. तिनं घंटेपाशी तोंड नेलं आणि म्हणाली, “हौसे, जेवलीस का?”

येसबाच्या पाठीवरचे खवले उभे राहिले. मग आतून आवाज आला, “हो.”

क्षणभर त्याला वाटलं, की आपणच वेडे. काही बिघडलंच नव्हतं. ही तीच आहे, कशी का असेना, तिचीच घंटा जोडली गेली. त्याला इतकं हलकं वाटलं, की डोळे भरून आले. राहीबाई बोलत होती. झाडावरच्या बातम्या सांगत होती, कोपऱ्यात निजू नकोस म्हणत होती, या खेपेला शेंगा जरा जून आहेत, भिजवून खा, म्हणत होती. आतून ‘हो’ आणि ‘बरं’ एवढंच येत होतं. जाताना तिनं गाठोडं मुंग्यांच्या हवाली केलं, आणि मुंग्या ते घेऊन दोराच्या मागानं निघाल्या. त्या कोणत्या दिशेला निघाल्या ते येसबानं पाहिलं. तो दोर त्यानं स्वतः बांधला होता. तो हौसेच्या घरात जात नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

चौक रिकामा झाल्यावर तो घंटेपाशी गेला.

“तू हौसा नाहीस,” तो म्हणाला.

“नाही,” आवाज म्हणाला. “मी झेली. घूस आहे मी.”

“मग हो का म्हणालीस?”

“त्यांनी जेवलीस का विचारलं. मला कोणी विचारायला यायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं हो.” मग म्हणाली, “पुन्हा आल्या तर सांगू का त्यांना, की मी ती नव्हे म्हणून?”

सांग म्हणायला हवं होतं. येसबाला ते कळत होतं. “नको,” तो म्हणाला, “मी बघतो.”

लिंपताना प्रत्येकाबरोबर महिन्याचं धान्य ठेवत. पुढचं सगळं दोराच्या मागानं जाई. आठ दिवस गेले होते. म्हणजे हौसेकडे बावीस दिवस उरले होते, पोटातल्यांना धरून आणखी कमी. बाराशे घरांत एक घर, आणि त्याचं नाव जे होतं ते आता दुसऱ्याचं झालं होतं.

येसबा बगळ्याकडे गेला. कापली मीच, हे म्हणायला त्याची जीभ रेटेना. “एक घंटा चुकून कापली गेली,” असं म्हणाला.

“नाव कोणतं?” बगळ्यानं विचारलं.

“शंख, पान, विंचू.”

बगळ्यानं मान लांब करून तुळईकडे पाहिलं. “आहे की टांगलेली. हाक मारली की उत्तर येतं?”

“येतं, पण–”

“धान्य जातं?”

“जातं.”

“मग तक्रार कोणाची आहे?”

“जी आत अडकलीय तिची.”

“तिच्याकडून आलीय का?”

“तिला घंटाच नाही. ती कुठून करणार?”

“म्हणजे आलेली नाही,” असं म्हणून बगळ्यानं पाय बदलला. “हे बघा येसबा, तुळईवर नाव आहे, नावाला घंटा आहे, घंटेला उत्तर आहे. यापलीकडं मी काय बघायचं? आणि डोळे कसे आहेत हल्ली तुमचे?”

येसबा म्हणाला, बरे आहेत. आणि परत आला.

त्या दिवसापासून काम आटपलं की तो उतारावर जाई आणि भिंतींना कान लावत हिंडे. घरावर हाक मारायची नाही, थाप द्यायची नाही, असा तिथला दंडक होता. आतली माणसं दुखणाईत, दचकतात. येसबा दंडक पाळणाऱ्यांतला. तो नुसता कान लावी. कुठं काही कुरतडल्यासारखं वाटे, कुठं काहीच नाही. खवल्या मांजराच्या नखांना मातीची भिंत म्हणजे काय, चार फटक्यांचं काम. पण चुकीचं घर फोडलं तर आतलं कोणी दुसरंच तापानं जाणार. तो नखं मिटून पुढच्या घराकडे जाई.

असं हिंडताना त्याला मागचे हंगाम आठवू लागले. दर वर्षी पहिल्या पावसात न उघडलेली घरं विरघळून जात, आणि दर वर्षी त्यांतल्या चारपाच घरांत काहीतरी सापडे. बारकी हाडं, आणि आतून कुरतडलेली भिंत. ज्यांना हाक मारणारं कोणी नव्हतं ते, असं म्हणून लोक सोडून देत. येसबाही तसंच म्हणे. वीस हंगामांत आपण किती पाट्या पडल्यावर किती घंटा कापल्या, हे तो आठवू लागला, आणि मग मुद्दाम आठवायचं थांबला. सगळ्याच काही मेलेल्या नसणार. त्यातली एकही बोलली नव्हती, एवढंच.

कामाची पद्धत मात्र त्यानं बदलली. फेरी मारणं त्यानं सोडून दिलं. छाप काढले की ओल्या मातीवर उमटवायचे, आणि ती कच्ची पाटी तशीच, घंटेशिवाय, आधी तुळईला लावायची. राहिली तर नाव आपलं. मग सावकाश भाजा, घंटा ओवा, दोर बांधा, तोवर ते नाव दुसऱ्या कोणाला मिळायचं नाही. पडली तर कोणाची घंटा शोधायला जायचं नाही. आपलीच माती उचलायची, मळायची, आणि थैलीत पुन्हा हात घालायचा.

लखू साळिंदर हसला. “येसबा, फेरी नाही, काही नाही. आणि स्वतःचीच पाटी मोडत बसलाय. चाललंय काय?”

“दुसऱ्याची मोडण्यापेक्षा बरं,” येसबा म्हणाला.

पाचसहा दिवसांत त्याच्या ठिकाणी मळलेल्या मातीचा चांगला गोळा झाला, पण घंटा एकही फुटली नाही. बगळ्याच्या ते ध्यानात आलं. फेरीचा वेळ वाचतो म्हणून त्यानं पाचही जणांना तसंच करायला लावलं, आणि ही युक्ती आपल्याला कशी सुचली ते तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला. येसबानं ते ऐकलं. त्याला ना राग आला ना बरं वाटलं. ही इतकी साधी गोष्ट होती. वीस दिवस आधी कोणालाही सुचली असती.

दुसऱ्या बाजाराला राहीबाई आली, तेव्हाही तो काही बोलला नाही. आज सापडेल, उद्या सापडेल, मग सांगू, असं त्याचं चाललं होतं. तिसऱ्या बाजाराला ती आली, तेव्हा हौसेचं धान्य सहा दिवसांचं उरलं होतं. राहीबाई घंटेशी बोलून वळली, आणि येसबा तिच्या वाटेत उभा राहिला. त्यानं सगळं सांगितलं. पाटी पडली ते, ती कोमट होती ते, पोचले गं म्हणाली ते. मान वर न करता सांगितलं.

राहीबाई ऐकत राहिली. मग म्हणाली, “ही माझी नव्हे, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, दादा.”

येसबानं वर पाहिलं.

“घंटेतून आवाज बदलतो म्हणतात. बदलू दे. लेकीचा श्वास कळत नाही होय? मला वाटलं, अदलाबदल झाली असेल. इतकी घरं, इतकी नावं, होत असेल. ही बिचारी कोणाची तरी आहे, हिची आई तिकडं माझ्या हौसेशी बोलत असणार. तिलाही कळलं असणार, माझ्यासारखंच. म्हणून मी हिला नीट विचारत होते. शेंगा जास्तीच्या आणत होते. म्हटलं, आपण हिच्यात हात आखडला तर तिकडं ती बाई माझीत आखडेल.” तिनं घंटेकडे पाहिलं. “कोण विचारतंय मग माझ्या हौसेला?”

“कोणी नाही,” येसबा म्हणाला. “हिला आई नाही.”

राहीबाई खाली बसली. तिनं आरडाओरडा केला नाही, येसबाला शिव्याही दिल्या नाहीत, आणि त्याला त्या हव्या होत्या. थोड्या वेळानं उठली आणि पुन्हा घंटेपाशी गेली. झेलीनं सगळं ऐकलं होतं. आतून मुसमुसल्याचा आवाज येत होता. “रडू नकोस,” राहीबाई म्हणाली, “तू काय केलंस त्यात? शेंगा भिजवून खा.” मग तिनं पदर खोचला. “चला दादा. कुठं आहे तो उतार?”

ऊन चांगलं तापलं होतं. पायथ्याशी येसबानं तिला दंडक सांगितला, की हाक मारायची नाही, थाप द्यायची नाही, नुसता कान लावायचा. तिनं तो ऐकून घेतला आणि एक दगड उचलला.

“भिंतीतून शब्द जात नाहीत,” येसबा म्हणाला. “आत कळतं ते एवढंच, की बाहेर कोणीतरी आलंय.”

“तेवढं पुरे आहे. आई आली हे तिला कळेल. दाणा फोडायच्या आधी ती दोनदा आपटते, लहानपणापासूनची खोड आहे. ती आपटू दे, मी ओळखते. मी सांगितलं की तुम्ही फोडा.”

येसबानं नखं काढली. ती पहिल्या घरापाशी गेली, दगडानं भिंत ठोकली, आणि छातीत होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडली, “हौसे!”

आतून दोन ठोके आले.

राहीबाईनं येसबाचा हात धरला. येसबानं पंजा उगारला, आणि तेवढ्यात शेजारच्या घरातून दोन ठोके आले. मग त्याच्या वरच्या घरातून. मग डावीकडच्या तीन घरांतून एकदम. जिथं जिथं तिची हाक पोचली होती तिथं तिथं कोणीतरी अंथरुणावरून उठलं होतं, भिंतीपाशी आलं होतं, आणि आपल्यालाच शोधत आलेल्या कोणाला तरी आतून सांगत होतं, की मी आहे, मी इथं आहे. ठोके ऐकून पलीकडच्या घरांनाही वाटलं, कोणी आलं. तीही ठोकू लागली. बघता बघता सगळा उतार ठोकू लागला.

राहीबाई एका भिंतीला कान लावी, तिथून धावत दुसरीकडे जाई, तिथून तिसरीकडे. येसबा पंजा उगारून तिच्या मागं मागं जात होता. माती सगळ्यांची सारखीच, ठोकेही सारखेच. शेवटी ती उताराच्या मधोमध थांबली.

“यातली माझी कोणती हो?” तिनं विचारलं.

येसबानं पंजा खाली घेतला.

ती दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली. रोज सकाळी हाक मारी, आणि रोज बाराशे घरं ओ देत. सहावा दिवस आला आणि गेला. सातव्या दिवशी तिनं हाक मारली, तेव्हा उतार पहिल्यासारखाच ठोकू लागला. येसबा कान देऊन ऐकत होता. त्यात एक ठोका कमी होता की नव्हता, हे त्याला सांगता आलं नाही.